ए२४ : छोट्या सिनेमाची कंपनी मोठ्या बजेटकडे वळते तेव्हा

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट व्यवसायाच्या पत्रकारितेत एक बातमी झळकली. न्यूयॉर्कच्या ए२४ या कंपनीने एजंट मंडळींना कळवलं होतं, की यापुढे आम्हाला ॲक्शनपटही हवेत, आधीच नाव कमावलेल्या कथा-पात्रांचे हक्कही हवेत, जास्त प्रेक्षक खेचणारे विषयही हवेत. चाहत्यांनी इंटरनेटवर लगेच श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली. 'शेवटी हेही विकले गेले' असा एकूण सूर होता.

हा शेरा मला तेव्हाही उथळ वाटला होता आणि आज, त्या धोरणाचे काही चित्रपट पडद्यावर येऊन गेल्यावर, जास्तच उथळ वाटतो. कंपनीच्या निवडीत फारसा फरक पडलेला दिसत नाही. फरक पडला तो भांडवलाच्या गणितात. आणि प्रत्यक्षात जे घडलं ते बातमीतल्यापेक्षा वेगळंच होतं: ए२४ने अनोळखी व्यावसायिक दिग्दर्शकांना बोलावून मसालापट काढले नाहीत, तर आपल्याच जुन्या दिग्दर्शकांच्या हातात तिप्पट-चौपट पैसे ठेवले. हे मोठं बजेट प्रेक्षकसंख्या पाहून ठरलं की दिग्दर्शकाचा वकूब पाहून, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

स्वस्तात चुकायची सोय

डॅनियल कॅट्झ, डेव्हिड फेंकल आणि जॉन हॉजेस या तिघांनी ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनी काढली. कॅट्झ गुगेनहाइम पार्टनर्स या वित्तसंस्थेत चित्रपटांच्या अर्थपुरवठ्याचं काम बघत होते आणि सुरुवातीचं भांडवलही तिथूनच आलं. इटलीत रोमहून निघणाऱ्या ए२४ महामार्गावर गाडी चालवताना त्यांनी कंपनीचा निर्णय पक्का केला, म्हणून नाव ए२४. तिघांचा पिंड वितरणाचा आणि पैशाच्या जुळवाजुळवीचा. स्टुडिओ, सेट, कॅमेरे असं काही नव्हतं. दुसऱ्यांनी बनवलेले चित्रपट विकत घ्यायचे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवायचे, एवढंच काम.

२०१३ मध्ये त्यांनी डायरेक्टटीव्ही या उपग्रह वाहिनी कंपनीशी ४ कोटी डॉलरचा करार केला. काही चित्रपट थिएटरात येण्याआधी या कंपनीच्या वर्गणीदारांना पाहायला मिळणार होते. त्याच वर्षी ॲमेझॉनशीही करार झाला. या करारांचं महत्त्व लोक विसरतात. कंपनीची प्रतिमा महोत्सवी, पण तिच्या पायाखाली टीव्ही आणि स्ट्रीमिंगच्या ठरलेल्या पैशाची जमीन होती. पुढे ॲपल, मग शोटाइम आणि डिसेंबर २०२३ मध्ये एचबीओ-मॅक्स, अशी ही साखळी चालूच राहिली.

दुसरं भांडवल म्हणजे प्रसिद्धीतला चटपटीतपणा. २०१५ च्या मार्चमध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवाला आलेल्या तरुणांना टिंडर या डेटिंग ॲपवर एव्हा नावाची एक मुलगी भेटू लागली. ती गप्पा मारायची. तू कधी प्रेमात पडलास का, माणसाला माणूसपण कशाने येतं, असले प्रश्न विचारायची आणि मग इन्स्टाग्रामचा पत्ता द्यायची. तिथे गेल्यावर कळायचं, की हे 'एक्स मकिना' या चित्रपटातलं यंत्र आहे. फोटो अभिनेत्री ॲलिशिया विकँडरचा. जाहिरातीला खर्च नगण्य, गवगवा मात्र जगभर. सुमारे दीड कोटी डॉलरच्या त्या चित्रपटाने पुढे दृश्यपरिणामांचं ऑस्कर घेतलं, तेही अवाढव्य बजेटच्या चित्रपटांना मागे टाकून. 'द विच'च्या वेळी तर चित्रपटातल्या बोकडाच्या नावाने ट्विटर खातं चाललं.

मग निर्मितीत उतरल्यावर पहिल्याच फटक्यात 'मूनलाइट'. साधारण १५ लाख डॉलरमध्ये चित्रीकरण, जगभरात साडेसहा कोटींचा गल्ला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. पाठोपाठ सुमारे एक कोटीचा 'लेडी बर्ड' आणि तेवढ्याच खर्चाचा 'हेरेडिटरी'. दोन्ही ८ कोटींच्या आसपास पोहोचले.

'हेरेडिटरी'ची एक गंमत इथे सांगायलाच हवी. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. 'हेरेडिटरी'ला मिळाली डी प्लस. म्हणजे पैसे देऊन आलेल्या सर्वसाधारण प्रेक्षकाला तो आवडला नाही, असंच समजायचं. मोठ्या स्टुडिओत या श्रेणीवर खुर्च्या हलतात. इथे काहीच बिघडलं नाही, कारण नापसंती पचवता येईल इतकाच खर्च केलेला होता. न आवडणाऱ्यांनी केलेली चर्चासुद्धा तिकिटं विकत होती. वर्षाला पंधरा-वीस चित्रपट, त्यातले बरेचसे कुणाच्या लक्षातही न राहणारे, दोन-तीन मात्र दहापट परतावा देणारे. कंपनीची सगळी ऐट या व्यवस्थेवर उभी होती. मोठ्या बजेटमध्ये पहिला बळी जातो तो याच सोयीचा.

पैसा आला, माणसं गेली

मार्च २०२२ मध्ये स्ट्राइप्स या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने कंपनीत २२.५ कोटी डॉलर आले. कंपनीची किंमत धरली गेली २५० कोटी डॉलर. त्याच महिन्यात 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' लागला, जगभरात १४ कोटींवर गेला आणि वर्षभराने त्याने सात ऑस्कर नेली. त्या रात्री 'द व्हेल'ची दोन धरून ए२४ची नऊ झाली. चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनयाचे चारही पुरस्कार एकाच कंपनीकडे, असं आधी कधी घडलं नव्हतं. जून २०२४ मध्ये थ्राइव्ह कॅपिटलच्या पुढाकाराने आणखी पैसा आला आणि किंमत ३५० कोटी डॉलर ठरली.

आता गुंतवणूकदाराच्या खुर्चीत बसून पाहा. २५० कोटी डॉलर किमतीच्या कंपनीचे समभाग घेतले आहेत ते उद्या ५०० किंवा १००० कोटींचे व्हावेत म्हणून. 'मूनलाइट'सारखा चमत्कार रोज घडत नाही. समजा दरवर्षी एक घडला, तरी साडेसहा कोटींच्या गल्ल्यातला जवळपास निम्मा थिएटरवाल्यांचा. प्रसिद्धी, पुरस्कारांच्या मोहिमा, वाटेकरी हे सगळं वजा जाता हातात उरतं ते या किमतीपुढे किरकोळ. असे तीन चमत्कार झाले तरी चित्र पालटत नाही. टीव्ही मालिका, वर्गणीदार मंडळ, टी-शर्ट, पुस्तकं, न्यूयॉर्कचं चेरी लेन थिएटर विकत घेणं, हा सगळा पसारा त्याच दडपणातून वाढलेला दिसतो. पण चित्रपट कंपनीला मोठं व्हायचं तर शेवटी चित्रपटांचा गल्लाच मोठा व्हावा लागतो.

भांडवलाचं हे कारण सगळे सांगतात. मला त्यापेक्षा वजनदार वाटतं ते दुसरं, ज्याची चर्चा कमी होते.

ए२४ ही दुसऱ्यांची रोपवाटिका बनली होती. ग्रेटा गर्विग 'लेडी बर्ड' करून सोनीकडे आणि तिथून वॉर्नर ब्रदर्सकडे गेल्या. 'बार्बी'ने १४० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, त्यात ए२४चा छदामही नव्हता. 'मूनलाइट'चे बॅरी जेन्किन्स ॲनापूर्णाकडे आणि पुढे डिस्नेकडे. 'एव्हरीथिंग...'ची दिग्दर्शक जोडी ऑस्करच्या आधीच युनिव्हर्सलशी पाच वर्षांचा करार करून मोकळी झाली होती. रॉबर्ट एगर्स यांचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. 'द विच' आणि 'द लाइटहाउस' ए२४कडे केल्यावर ते युनिव्हर्सलच्या फोकस फीचर्सकडे गेले. तिथे २०२४ च्या नाताळात आलेल्या त्यांच्या 'नोस्फेराटू'चा खर्च सुमारे ५ कोटी आणि जगभरातला गल्ला १८ कोटींवर. म्हणजे ज्याच्यातली चमक ओळखायला ए२४ने जोखीम घेतली, त्याचं व्यावसायिक पीक दुसऱ्याने कापलं. पिकाच्या वेळी ५ कोटी टाकायची तयारी नसेल तर दिग्दर्शक थांबणार कशाला? निष्ठेवर कुणी दहा वर्षं ३० लाखांचे चित्रपट करत नाही, आणि का करावेत?

ही बाजू पाहिली की २०२३ चं धोरण बरंच वेगळं दिसू लागतं. त्यात 'व्यावसायिक' हा शब्द दर्शनी होता. आत होती ती आपली माणसं टिकवायची धडपड.

एक तिसरी गोष्ट ओघात सांगून टाकतो. मोठ्या स्टुडिओंनी २०१० नंतर २ ते ७ कोटी डॉलरच्या, प्रौढांसाठीच्या चित्रपटांतून अंग काढून घेतलं होतं. डीव्हीडीचं उत्पन्न आटलं होतं आणि सगळा पैसा मालिकापटांकडे वळला होता. जागा रिकामी होती. ती रिकामी का पडली, याचा विचार मात्र तिथे शिरणाऱ्याने करायला हवा.

पाच कोटींचा हिशेब

१२ एप्रिल २०२४ ला 'एक्स मकिना'वाल्या ॲलेक्स गार्लंड यांचा 'सिव्हिल वॉर' लागला. खर्च ५ कोटी डॉलर, तोवरचा कंपनीचा सर्वांत महागडा चित्रपट. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत अडीच कोटींवर गल्ला आणि कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच तिकीटबारीवर पहिला क्रमांक. दुसऱ्या आठवड्यातही तो टिकला. अमेरिकेत एकूण सुमारे ६.८ कोटी, जगभरात १२.७ कोटींच्या आसपास. नव्या धोरणाचा विजय म्हणून हे आकडे सगळीकडे छापून आले.

जरा जवळून पाहू. अमेरिकेतल्या ६.८ कोटींपैकी निम्मे थिएटरांचे, म्हणजे ए२४कडे साधारण ३.४ कोटी. परदेशातले सुमारे ५.९ कोटी सरळ ए२४च्या खिशात जात नाहीत. असे चित्रपट देशोदेशीच्या वितरकांना हक्क विकून पैसे आधीच उभे करतात, त्यामुळे तिथे कितीही चालला तरी मूळ कंपनीला मिळते ती ठरलेली रक्कम आणि वर जमलाच तर थोडा वाटा. दुसऱ्या बाजूला ५ कोटींचा खर्च आणि हजारो पडद्यांवर एकाच दिवशी लावायचा तर प्रसिद्धीलाही काही कोटी. म्हणजे थिएटरच्या पैशात जेमतेम हातातोंडाची गाठ. नफा जो काही, तो नंतरच्या डिजिटल भाड्यातून आणि एचबीओ-मॅक्सच्या करारातून.

याच्या शेजारी २०२३ चा 'टॉक टू मी' ठेवून बघा. दोन ऑस्ट्रेलियन भावांचा भयपट, निर्मितीखर्च सुमारे ४५ लाख डॉलर. ए२४ने सनडान्स महोत्सवातून त्याचे अमेरिकेतले हक्क उचलले. अमेरिकेतला गल्ला ४.८ कोटी. 'सिव्हिल वॉर' ६.८, हा ४.८. गल्ल्यात दोन कोटींचा फरक, जोखमीत मात्र जमीन-अस्मानाचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हिशेबनीस मंडळी 'सिव्हिल वॉर'ला विजय म्हणायला का कचरतील ते कळतं.

मग तो केलाच कशाला? कारण 'टॉक टू मी' मागवून मिळत नाही, तो सापडावा लागतो. पाच कोटींचा चित्रपट ठरवून बनवता येतो, त्याची तारीख जाहीर करता येते, आयमॅक्सचे पडदे आधी धरता येतात, वाहिन्यांशी करार करताना त्याचं नाव पुढे करता येतं. वाढ दाखवायची असलेल्या कंपनीला असा ठरलेपणा लागतो आणि त्याची किंमत मोजावी लागते.

'सिव्हिल वॉर'च्या प्रसिद्धीत आणखी एक गोष्ट दिसली. चित्रपट खरा युद्धवार्ताहरांचा, कॅमेऱ्यामागच्या थंडपणाचा. जाहिरातीतून विकला गेला तो अमेरिकेतल्या यादवीचा धडाका. कंपनीने इन्स्टाग्रामवर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली काही पोस्टरं टाकली. उद्ध्वस्त शहरांची ती दृश्यं चित्रपटात नव्हतीच, त्यावरून टीका झाली. प्रेक्षकांची श्रेणी आली बी मायनस. एक कोटीच्या चित्रपटाला ही श्रेणी अभिमानाने मिरवता आली असती. पाच कोटींच्या चित्रपटाला तोंडी प्रसिद्धी लागते आणि 'जाहिरातीत दाखवलं ते मिळालं नाही' असं म्हणत बाहेर पडणारा प्रेक्षक परवडत नाही. इथे ते निभावलं, पुढच्या वर्षी नाही.

दोन भाऊ, तीन महिने

प्रयोगशाळेत मांडावा तसा प्रयोग व्यवसायात क्वचित घडतो. २०२५ च्या शेवटी ए२४च्या बाबतीत तो जवळपास घडला.

जॉश आणि बेनी सॅफ्डी या भावांनी २०१९ मध्ये मिळून 'अनकट जेम्स' केला होता. सुमारे १.९ कोटी डॉलरचा तो चित्रपट अमेरिकेतच ५ कोटींवर गेला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ए२४ने दोघांनाही स्वतंत्र चित्रपट दिले, दोघांनीही खेळाडूची गोष्ट निवडली, दोघांनाही मोठा तारा मिळाला. बेनी यांचा 'द स्मॅशिंग मशीन' ५ कोटींचा, मार्क कर या मिक्स्ड मार्शल आर्ट्समधल्या लढवय्यावर, ड्वेन जॉन्सन यांना घेऊन. जॉश यांचा 'मार्टी सुप्रीम' टेबल टेनिसपटूचा, टिमथी शालमे यांच्यासोबत. त्याच्या खर्चाचा बातम्यांतला आकडा ६ ते ७ कोटी, म्हणजे 'सिव्हिल वॉर'लाही मागे टाकणारा.

'द स्मॅशिंग मशीन' व्हेनिस महोत्सवाला गेला, तिथे बेनी यांना दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. ३ ऑक्टोबरला तो एकदम तीन हजारांवर थिएटरांत लावला. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला ६० लाख डॉलरच्या आसपास. जॉन्सन यांच्यासारख्या ताऱ्याला नीचांकी. त्याच आठवड्यात टेलर स्विफ्ट यांच्या अल्बमचा सोहळा थिएटरांतून दाखवला गेला आणि त्याने ३ कोटींवर पैसे नेले. जगभरातला एकूण गल्ला २ कोटींच्या घरातच अडकला.

'मार्टी सुप्रीम'ची चाल निराळी होती. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या महोत्सवात अचानक, आगाऊ घोषणेशिवाय खेळ. नोव्हेंबरमध्ये शालमे यांनी एक लांबलचक व्हिडिओ टाकला: प्रसिद्धी विभागाशी ऑनलाइन बैठक चालू आहे आणि तारा वेड्यासारख्या कल्पना मांडतोय, सगळं जग नारिंगी करू, हवाई फुगा उडवू. बैठक खोटी, विनोदी. पण मग खरोखरच नारिंगी फुगा आकाशात दिसू लागला, चित्रपटाच्या नावाची जाकिटं मिळवायला रांगा लागल्या. १९ डिसेंबरला फक्त सहा थिएटरांत सुरुवात, तिथे दर थिएटरमागे सुमारे १.४५ लाख डॉलरची सरासरी, आणि नाताळच्या दिवशी सर्वत्र. अमेरिकेतल्या गल्ल्यात त्याने 'एव्हरीथिंग...'चा कंपनीतला उच्चांक मागे टाकला.

यातून 'चांगला चालला, वाईट पडला' यापलीकडे काय काढायचं? नशीब आणि तारीख यांचा वाटा असतोच. तरी मला दोन गोष्टी ठळक दिसतात. ड्वेन जॉन्सन यांच्याकडे प्रेक्षक जातो तो ठरावीक अपेक्षा घेऊन: मारामारी, विनोद, शेवटी नायक जिंकणार. इथे ते चेहऱ्यावर कृत्रिम त्वचेची रंगभूषा चढवून, ओळखू येणार नाहीत असे, व्यसन आणि पराभवाची गोष्ट सांगत होते. त्यांचा नेहमीचा प्रेक्षक आला नाही, आणि ए२४चा प्रेक्षक जॉन्सन यांच्या नावाने तिकीट काढणारा नव्हता. ताऱ्याची किंमत मोजली, त्याचं गिऱ्हाईक मात्र आलं नाही. शालमे यांच्या बाबतीत ताऱ्याचा प्रेक्षक आणि कंपनीचा प्रेक्षक बराचसा एकच होता.

दुसरी गोष्ट पद्धतीची. 'मार्टी सुप्रीम' सहा-सात कोटींचा असूनही तो ए२४ने आपल्या जुन्या, हातखंडा रीतीने विकला. आधी कुजबुज, मग थट्टा, मग मोजक्या पडद्यांवर झुंबड, मग सगळीकडे. 'द स्मॅशिंग मशीन' मोठ्या स्टुडिओसारखा, एका शुक्रवारी सगळं पणाला लावून. पैसा मोठा झाला म्हणून रीतही मोठ्या स्टुडिओची उचलायची, ही सवय या कंपनीला मानवत नाही असं दिसतं. मोठ्या स्टुडिओकडे एक शुक्रवार वाया गेला तर तो सोसायला मागे जुन्या चित्रपटांचं भांडार असतं, थीम पार्क असतात. इथे तसं काही नाही.

या वाटेने आधी गेलेले

ब्रिटनच्या गोल्डक्रेस्टची कथा ए२४च्या कार्यालयात कुणीतरी भिंतीवर लावायला हवी. १९७७ मध्ये जेक एबर्ट्स यांनी काढलेली ही कंपनी 'गांधी' या आठ ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटामागच्या पैशात होती. पुढे यशाच्या भरात तिने एकाच सुमारास तीन महागडे चित्रपट हाती घेतले. त्यातला 'रेव्होल्यूशन' ह्यू हडसन यांचा. 'चॅरियट्स ऑफ फायर'ने ऑस्कर जिंकलेला, म्हणून त्यांच्या हाती आता कितीतरी मोठा पैसा. २.८ कोटी डॉलरचा हा चित्रपट १९८५ मध्ये आला आणि अमेरिकेत त्याचा गल्ला ४ लाख डॉलरवरही गेला नाही. 'द मिशन'ला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण पैशाची नड त्याने भागली नाही. तिसरा 'ॲब्सोल्यूट बिगिनर्स'. तिन्हींत भांडवल एकाच वेळी अडकलं होतं आणि १९८७ मध्ये कंपनी विकली गेली. दिग्दर्शकाच्या मागच्या यशाचं बक्षीस म्हणून पुढचं बजेट द्यायचं, हा रोग तेव्हाचाच.

न्यू लाइनचं दुखणं वेगळं, आणि ए२४साठी कदाचित जास्त कामाचं. स्वस्त भयपटांवर वाढलेली ही कंपनी २००७ मध्ये 'द गोल्डन कंपास'वर १८ कोटी डॉलर घालून बसली. जोखीम कमी करायला परदेशातले हक्क आधीच विकले होते. चित्रपट अमेरिकेत ७ कोटींवर थांबला आणि परदेशात मात्र ३० कोटींवर गेला. म्हणजे जिथे चालला तिथला पैसा दुसऱ्यांचा, जिथे पडला तिथला तोटा यांचा. दोन-तीन महिन्यांत, फेब्रुवारी २००८ मध्ये, न्यू लाइन वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन झाल्याचं जाहीर झालं. परदेशी हक्क आधी विकणं छोट्या चित्रपटाला तारतं. मोठ्या चित्रपटात तीच गोष्ट यशाचा मलिदा दुसऱ्याच्या ताटात वाढते.

आजच्या घडीला उलट उदाहरण आहे ते निऑनचं. या स्पर्धक कंपनीने एक कोटीच्या आतला 'लाँगलेग्स' जगभरात १२ कोटींवर नेला आणि ६० लाखांच्या 'अनोरा'ला मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवून दिलं. हेच ए२४ने करायला हवं होतं, असं म्हणायचा मोह होतो. पण निऑनच्या डोक्यावर ३५० कोटींच्या मूल्यांकनाचं ओझं नाही. जे ओझं घेऊन बसलेत त्यांना हा सल्ला फुकटचा आहे.

बजेट कुणाकडे पाहून?

ॲरी ॲस्टर यांचे चार चित्रपट ओळीने पाहा. 'हेरेडिटरी' सुमारे एक कोटी, 'मिडसमर' त्याहून थोडा कमी. मग २०२३ मध्ये 'बो इज अफ्रेड', साडेतीन कोटींचा आणि तीन तासांचा, एका माणसाच्या आईबद्दलच्या भयाचा. जगभरात गल्ला सव्वा कोटीच्या आत. त्यानंतरही २०२५ मध्ये 'एडिंग्टन', अडीच कोटी खर्च आणि गल्ला सुमारे 'बो'एवढाच, म्हणजे खर्चाच्या जवळपास निम्मा. चित्रपट म्हणून 'बो' मला स्वतःला धाडसी वाटतो आणि तो कुणी तरी काढायला हवाच होता. फक्त तो एक कोटीत निघाला असता तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. प्रेक्षक किती येणार हे विषय ठरवतो, आणि तो विषय काही चौपट लोकांचा झाला नव्हता. चौपट झाली होती ती दिग्दर्शकाची पत.

म्हणून 'ए२४ व्यावसायिक झाली' ही तक्रार मला उलटी वाटते. कंपनी पुरेशी व्यावसायिक झाली नाही, हा खरा आक्षेप असायला हवा. मोठ्या बजेटला जी शिस्त लागते, म्हणजे शेवट बदला, लांबी कापा, पुन्हा चित्रीकरण करा असं दिग्दर्शकाला सांगायची धमक, ती इथे अंगवळणी पडलेली नाही. आणि पडावी अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण दिग्दर्शक इथे येतात तेच मुळी ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर. तो भरवसा मोडला तर ते युनिव्हर्सलकडे जातील, जिथे निदान पैसा तरी जास्त आहे. या कोंडीतून सुटायचा एक मार्ग म्हणजे ज्या दिग्दर्शकाच्या मनातला विषयच मुळात मोठ्या प्रेक्षकाचा आहे, त्यालाच मोठा पैसा द्यायचा आणि बाकीच्यांना प्रेमाने छोट्या आकड्यावर थांबवायचं. सांगायला सोपं आहे. दोन ऑस्करवाल्या माणसाला समोर बसवून सांगून पाहावं.

पुढची पावलं टाकून झाली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कोजिमा प्रॉडक्शन्सबरोबर 'डेथ स्ट्रँडिंग' या व्हिडिओ गेमवरचा चित्रपट जाहीर झाला. मे २०२५ मध्ये बंदाई नामकोबरोबर 'एल्डन रिंग' या गेमवरचा चित्रपट जाहीर झाला, लेखन-दिग्दर्शन पुन्हा ॲलेक्स गार्लंड यांचंच. माणूस घरचा, विषय मात्र पहिल्यांदाच असा, ज्याचा प्रेक्षक चित्रपटाआधी तयार आहे. कोट्यवधी लोकांनी तो खेळ तासन्तास खेळलेला आहे आणि त्यातला प्रत्येक दगड त्यांना ठाऊक आहे. ए२४ची आजवरची कारागिरी कुणाला माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल कुतूहल पेटवण्याची. टिंडरवरची एव्हा त्यासाठीच होती. ज्यांना गोष्ट कंपनीपेक्षा जास्त माहीत आहे अशा प्रेक्षकांपुढे ती कला फारशी कामाची नाही. तिथे आधी गेमच्या मालकांचं मन राखावं लागेल, मग खेळाडूंचं, आणि गार्लंड यांना हवा तसा चित्रपट या दोघांच्या मधून काढावा लागेल.